फेब्रुवारीतले तीनशे रुपये

परळ, मुंबई

प्रिय विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

तुझे टिपण मिळाले आणि मी ते दोनदा वाचले. साठ वर्षांवरील प्रत्येक नागरिकाला दरमहा ३,००० रुपये निवृत्तिवेतन मिळावे, ही तुझी मागणी मला मनापासून पटते. ऐंशीच्या आतल्या गरीब वृद्धांसाठी केंद्र सरकार स्वतःच्या वाट्याचे दरमहा २०० रुपये देते, आणि २००७ सालापासून हा आकडा जागचा हललेला नाही. राज्ये ऐपतीप्रमाणे भर घालतात म्हणून हातात काहीतरी पडते. तेव्हा तुझा संताप योग्यच आहे. पण बारा पानांच्या टिपणात पैसा कुठून यायचा यासाठी अडीच ओळी आहेत, आणि त्यांतही 'अतिश्रीमंतांवर कर लावून' याहून अधिक काही नाही. त्या अडीच ओळींसाठीच हे पत्र लिहितो आहे.

आधी हिशेब करू. साठीपुढचे लोक सुमारे १४ कोटी धरले, तर वर्षाला प्रत्येकी ३६,००० रुपयांप्रमाणे साधारण ५ लाख कोटी रुपये लागतील. राष्ट्रीय उत्पन्नाच्या तुलनेत ही रक्कम दीड टक्क्याच्या आसपास येते, म्हणजे देशाला न झेपणारी नाही. मात्र केंद्राच्या अर्थसंकल्पाचा तो जवळजवळ दहावा हिस्सा आहे, आणि दरवर्षी, न चुकता, वृद्धांची संख्या वाढत जाईल तसतसा वाढत जाणारा आहे. एखाद्या वर्षी कर्ज काढून तो भागवता येईल. दरवर्षी कर्जातून भागवायचा म्हटले, तर व्याजाचा बोजा पुढे इतर योजनांच्याच मुळावर येईल.

आता स्वतःचे पगारपत्रक काढ. व्यवसाय कराच्या रकान्यात या महिन्यात २०० ऐवजी ३०० रुपये दिसतील. अकरा महिने २०० आणि फेब्रुवारीत ३००, मिळून वर्षाचे २,५००. मुंबईतल्या लाखो पगारदारांच्या नजरेतून निसटणाऱ्या या ओळीत सामाजिक लोकशाहीचे, म्हणजे सर्वांनी कर भरून सर्वांना हक्काची सुरक्षा देण्याच्या विचाराचे, अर्थशास्त्र सापडते, असे मी वर्गात सांगत असे, आणि आजही माझे तेच मत आहे. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रात रोजगार हमी योजनेने आकार घेतला. तिच्यामागे विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांचा तासगाव तालुक्यातल्या विसापूरचा प्रयोग होता. मागेल त्याला काम देण्याचे वचन सरकारने दिले, आणि ते निभावण्यासाठी १९७५ साली व्यवसाय कराचा कायदा केला. शहरातल्या पगारदाराने आणि व्यावसायिकाने भरायचे, तेवढीच भर राज्याने आपल्या तिजोरीतून घालायची, आणि त्यातून दुष्काळी तालुक्यातल्या बाईला खडी फोडण्याचे का होईना पण हक्काचे काम द्यायचे. योजनेचा कायदा १९७७ चा असून तो २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. देशाला असा कायदा करायला २००५ साल उजाडावे लागले.

यात मला सर्वांत मोलाचे वाटते ते हे, की हक्क आणि त्याचा पैसा एकाच वेळी जन्माला आले. कुणी भरायचे, कुणाला मिळणार, हे उघड होते. शिवाय ही योजना पावसाळा चांगला झाला की आपोआप आकसत असे आणि दुष्काळात आपोआप फुगत असे, त्यामुळे मंदीच्या काळात सरकारने खर्च वाढवावा हे पाठ्यपुस्तकातले तत्त्व मंत्रालयातून वेगळा आदेश न निघताही अमलात येई.

पण हीच गोष्ट पुढे कशी सैल पडली, तेही तुला समजले पाहिजे. व्यवसाय कराची कमाल मर्यादा राज्यघटनेच्या अनुच्छेद २७६ मध्ये रुपयांत लिहिलेली आहे. आधी ती वर्षाला २५० होती, १९८८ च्या घटनादुरुस्तीने २,५०० झाली आणि तिथेच थांबली. पगार कितीतरी पटींनी वाढले, कर मात्र तेवढाच राहिला. दरमहा चाळीस हजार मिळवणारा आणि चाळीस लाख मिळवणारा आज सारखेच २,५०० भरतात. दुसरीकडे कराची वसुली होत राहिली आणि रोजगारावरचा खर्च तिच्याहून कमी राहिला, अशीही वर्षे आली. भरणाऱ्याला आपला पैसा कुठे जातो हे दिसेनासे झाले की त्याच्या लेखी ती नुसती कपात उरते. तुझ्या निवृत्तिवेतनाला अंशदान, म्हणजे योजनेसाठी नियमित भरायचा वाटा, जोडणार असलीस, तर ते रुपयांत लिहू नकोस, उत्पन्नाच्या टक्क्यांत लिही, आणि निवृत्तिवेतनाची रक्कमही महागाईशी बांध.

'अतिश्रीमंतांवर कर' या उत्तराविषयी माझी भूमिका तुला कदाचित आवडणार नाही. त्यांच्यावर कर हवाच. वारसा हक्काने मिळणाऱ्या संपत्तीवरचा कर आपण १९८५ साली सोडला, संपत्ती कर २०१५ च्या अर्थसंकल्पात सोडला, आणि हे दोन्ही निर्णय मला चुकीचे वाटतात. पण १९७३-७४ साली आपल्याकडे आयकराचा सर्वोच्च दर अधिभारासह ९७.७५ टक्के होता आणि तरीही त्यातून कल्याणकारी राज्य उभे राहिले नाही, कारण त्या दराने कर भरणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते आणि उत्पन्न लपवण्याच्या वाटा पुष्कळ होत्या. ज्या देशांची उदाहरणे तू दिली आहेस, त्या डेन्मार्क, स्वीडन आणि नॉर्वेमध्ये विक्रीवरच्या मूल्यवर्धित कराचा सर्वसाधारण दर २५ टक्के आहे, आणि तो बसचालकही भरतो. मध्यमवर्ग तो सहन करतो, कारण त्याची मुले त्याच पाळणाघरात जातात आणि त्याची आई त्याच रुग्णालयात बरी होते. आपल्याकडे केंद्र आणि राज्ये मिळून राष्ट्रीय उत्पन्नाच्या १७-१८ टक्के कर गोळा करतात, आणि ज्याला परवडते तो सार्वजनिक शाळा व दवाखाना केव्हाच सोडून गेलेला आहे. त्याला सेवा न देता त्याचा कर वाढवू पाहशील, तर तो तुझ्या विरोधात मत देईल, आणि लोकशाहीत ते मत मोजावेच लागते. तुझे निवृत्तिवेतन दारिद्र्यरेषेखालच्यांपुरते न ठेवता सर्वांसाठी असावे, हा तुझा आग्रह याच कारणाने बरोबर आहे. त्यामागचे हे कारणही टिपणात येऊ दे.

उत्पादनाविषयी तू जवळपास काहीच लिहिलेले नाहीस, आणि गिरणगावात वाढलेल्या मला ते सर्वांत जास्त खटकले. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. त्यांच्या मागण्या न्याय्य होत्या. पण गिरण्या आधीच जुनाट झाल्या होत्या, माल यंत्रमागांकडे वळत होता, आणि कामगाराला दुसरे कौशल्य, दुसरे काम, मधल्या काळातला भत्ता देणारी कोणतीही व्यवस्था उभी नव्हती. आमच्या चाळीत विणकर म्हणून तीस वर्षे उभे राहिलेले लोक मी दारोदार भाजी विकताना पाहिले. म्हणून स्वीडनमधल्या यॉस्टा रेन आणि रुडॉल्फ मेइडनर या कामगार संघटनेच्या दोन अर्थतज्ज्ञांनी १९५१ साली मांडलेली योजना वाचताना मला आजही गहिवरून येते. समान कामाला सर्व कारखान्यांत समान वेतन मागायचे. ते ज्याला झेपत नाही असा दुबळा कारखाना सरकारी मदतीवर तगवायचा नाही, तो बंद होऊ द्यायचा. मात्र त्यातल्या कामगाराला सरकारने प्रशिक्षण, स्थलांतराचा खर्च आणि दुसरे काम द्यायचे. नोकरीचे रक्षण करण्यापेक्षा माणसाचे रक्षण करायचे. त्या योजनेतही पेच होता. सशक्त कंपन्यांना समान वेतनामुळे जादा नफा उरू लागला, आणि तो कामगारांच्या निधीत वळवण्याची मेइडनर यांची १९७० च्या दशकातली कल्पना राजकारणात टिकली नाही. तरी आमच्या गिरण्यांच्या जागी उभे राहिलेले मनोरे पाहताना वाटते, की जमिनीच्या वाढलेल्या किमतीचा एक वाटा जरी त्या माणसांच्या दुसऱ्या कामासाठी बाजूला काढला असता, तर या भागाचा इतिहास वेगळा झाला असता.

आपल्याकडे असे काही जमणार नाही, असे कोणी म्हणाले तर त्याला मस्जिद बंदरला घेऊन जा. पाठीवर पोती वाहणाऱ्या माणसाला पूर्वी मालकच नव्हता. व्यापारी मुकादमाकडे बोट दाखवी आणि मुकादम व्यापाऱ्याकडे. अण्णासाहेब पाटील यांच्या चळवळीतून १९६९ साली माथाडी कायदा झाला आणि त्याने हा प्रश्न मोठ्या शहाणपणाने सोडवला. व्यापाऱ्याने आणि कामगारांच्या टोळीने या कायद्याखालच्या माथाडी मंडळाकडे नोंद करायची, मजुरी आणि तिच्यावरची लेव्ही, म्हणजे सुविधांसाठीची टक्केवारीतली जादा रक्कम, व्यापाऱ्याने मंडळात भरायची, आणि भविष्य निर्वाह निधी, रजा, बोनस, औषधोपचार हे सारे मंडळाने द्यायचे. मंडळावर सरकार, मालक आणि कामगार तिघेही. कामगार दिवसभरात पाच गाळ्यांवर राबला तरी त्याचा निधी एकाच खात्यात साठतो. माथाडीच्या नावाखाली खंडणी उकळणारे पुढे निघाले, हे खरे आहे आणि ते लपवू नये; पण तुझ्या दारात जेवण पोहोचवणाऱ्या मुलाला आज जे हवे आहे त्याचा आराखडा या मुंबईत अर्धशतकापूर्वीच तयार झाला होता. तुझ्या टिपणात असंघटितांच्या अंशदानाचा प्रश्न कोरा आहे, तिथे हा आराखडा बसतो.

परदेशी चलनाविषयी थोडेच लिहितो. मे १९८१ मध्ये फ्रान्समध्ये समाजवादी पक्षाचे मितराँ राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आले. त्यांनी किमान वेतन वाढवले, कामाचा आठवडा कमी केला, बँका राष्ट्रीय मालकीच्या केल्या. शेजारी देश तेव्हा खर्च आवरत होते, त्यामुळे फ्रेंच लोकांच्या हाती आलेला पैसा आयात मालावर गेला. मार्च १९८३ पर्यंत फ्रँकचे तीनदा अवमूल्यन झाले आणि सरकारला काटकसरीकडे वळावे लागले. आपण तर जुलै १९९१ मध्ये रिझर्व्ह बँकेचे सुमारे ४७ टन सोने मुंबईहून विमानाने तारण म्हणून बाहेर जाताना पाहिले आहे. म्हणून व्यापारतूट आणि महागाई हे विषय उजव्या विचारांच्या लोकांकडे सोपवू नकोस. महागाईने सर्वांत आधी तुझ्या ३,००० रुपयांचीच किंमत कमी होईल.

एक शब्दाचा खुलासा राहिला. संविधान सभेतल्या २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात बाबासाहेबांनी 'सामाजिक लोकशाही' म्हटले, ते स्वातंत्र्य, समता आणि बंधुता यांना जीवनाची तत्त्वे मानणाऱ्या समाजाविषयी. युरोपातल्या पक्षांचा अर्थ त्याहून अरुंद आहे. तू दोन्ही एकाच परिच्छेदात मिसळले आहेस. ते वेगळे कर, आणि आपल्याकडे अंशदानाची व्यवस्था उभी करताना जातीने वाटलेल्या कामांचे काय, हा प्रश्न त्या जागी घे.

नव्या मसुद्यात पैशांचा भाग पहिल्या पानापासून सुरू होऊ दे: कर किती टक्के, कोणत्या उत्पन्नावर, कोण गोळा करणार, आणि दुष्काळाच्या वर्षी तूट आली तर ती कोण भरणार. गुरुवारी चारनंतर मी घरीच असतो. कागद घेऊन ये, पगारपत्रकही आण.

तुझा,
जुना शिक्षक