डर्ट बाइकची चेन बदलायचीय, साधी घेऊ की ओ-रिंगवाली?

तुम्ही लिहिलंय की सेकंडहँड कावासाकी केएक्स २५० घेतलीय, सॉकेटला पुढे १३ मागे ५० दाते, चेन खटखट करते, दुकानदार म्हणतो गोल्डन हेवी ड्यूटी टाका, मित्र म्हणतो रेसवाले साधीच वापरतात, आणि तुमचा वापर म्हणजे रविवारी ट्रॅकवर प्रॅक्टिस नि पावसाळ्यात डोंगरात चिखल. माझ्याकडे पण हीच गाडी आहे, चार पावसाळे झाले, चेनवर नको तेवढे पैसे घालून झालेत म्हणून लिहितोय.

पहिलं म्हणजे चेन राहू दे, आधी सॉकेट बघा (चेन ज्यावर फिरते ते दातेरी चाक, खरं नाव स्प्रॉकेट हो, पण आमच्या गॅरेजात कोणी स्प्रॉकेट म्हणालं तर सगळे वळून बघतात). पुढचं कव्हर काढा, चिखल खरवडा आणि दाते बघा. नव्या सॉकेटचा दात दोन्ही बाजूंनी सारखा असतो, झिजलेला एका बाजूला वाकून मांजराच्या नखासारखा दिसतो. तसा दिसला तर नुसती चेन बदलू नका, कारण नवी चेन त्या वाकड्या दातांवर बसतच नाही, उड्या मारते आणि बघता बघता जुनीएवढीच लांब होते. मी पहिल्या वर्षी हीच कंजुषी केली, चेन चांगल्यातली घेतली आणि सॉकेट जुनी ठेवली, दिवाळीपर्यंत परत खटखट.

चेन खरंच संपलीय का ते मोजून बघा, आवाजावर जाऊ नका, आवाज कोरड्या चेनचा पण येतो. तुमची चेन ५२० असणार, साइड प्लेटवर नंबर कोरलेला असतो तो बघून घ्या. त्यातला ५ म्हणजे एका पिनेपासून दुसऱ्या पिनेपर्यंत पाच अष्टमांश इंच, म्हणजे १५.८७५ एमएम, आणि २० हा रुंदीचा आकडा, आतली रुंदी पाव इंच. म्हणून ५२५ ची चेन "जरा जाड आहे, जास्त टिकेल" म्हणून कोणी दिली तर घेऊ नका, ती रुंद आहे, तुमच्या सॉकेटवर डुगडुगत बसेल. तर चेन ताणून धरा आणि एका पिनेच्या मधोमधपासून २० कड्यांचं, म्हणजे पहिल्या पिनेपासून २१व्या पिनेच्या मधोमधपर्यंत, टेप लावा. नवी असताना ३१७.५ एमएम भरते, ३२३ च्या पुढे गेली की तिला निरोप द्या. दोन-तीन ठिकाणी मोजा कारण चेन सगळीकडे सारखी झिजत नाही, एका जागी टाइट आणि दुसरीकडे ढिली हे तर नेहमीचंच.

आता साधी की ओ-रिंग. मित्राचं चूक नाही, मोटोक्रॉसवाले साधी लावतात कारण ती हलकी, फिरायला मोकळी, आणि ते लोक प्रत्येक रेसनंतर चेन धुऊन तेल लावतात आणि लवकर फेकून पण देतात. तुम्ही ते करणार आहात का हे स्वतःलाच विचारा, मी तर नाही करत, रविवारी संध्याकाळी गाडी धुतली हेच नशीब. ओ-रिंगवाल्या चेनमध्ये पिन आणि बुश (पिन जिच्यात फिरते ती छोटी नळी) यांच्या मध्ये कंपनीतूनच ग्रीस भरलेलं असतं, बाहेरून रबराची रिंग, त्यामुळे चिखलाचं पाणी नि बारीक वाळू आत जात नाही. चेन झिजते ती तिथेच, पिन आणि बुशमध्ये, बाहेरून ती कितीही चकाचक दिसू दे. एक्स-रिंग म्हणजे त्यातलाच सुधारलेला प्रकार, रिंग आडवी कापून बघितली तर गोल नसून चार कडांची असते, घासते कमी आणि सील जास्त चांगलं होतं. चिखल आणि आळस हे दोन्ही असतील तर एक्स-रिंग, माझं सरळ मत.

फक्त एक भानगड आहे. रिंगमुळे चेनची पिन लांब होते, म्हणजे चेन बाहेरून जाड होते, आणि मोटोक्रॉसच्या गाड्यांना पुढच्या सॉकेटपाशी जागा कमी असते, मागे चेन गाइडमध्ये (चेन सरळ रेषेत ठेवणारी खाच) पण घासू शकते. म्हणून रस्त्याच्या गाडीची एक्स-रिंग उचलून आणू नका, ऑफ-रोडसाठी बनवलेली अरुंद मिळते ती मागा, डीआयडी कंपनीच्या ५२० मध्ये ईआरव्हीटी त्यातलीच, आणि ईआरटी३ म्हटलं की बिनरिंगची रेसवाली. सोनेरी रंग हा रंग आहे, थोडा गंज कमी लागेल, त्याने चेन दणकट होत नाही. २५० सीसीला ५२० ची कुठलीही बऱ्यापैकी चेन ताकदीला पुरते, किती किलोला तुटते तो आकडा बघून जास्त पैसे मोजू नका.

लांबीचं एक सांगतो, यात लोक हमखास फसतात. नवी चेन साधारण १२० कड्यांची येते, कापून घ्यावी लागते, आणि बरेच जण जुनी शेजारी ठेवून तेवढी कापतात. जुनी ताणलेली असते ना! ११४ कड्या असतील तर नवी सुमारे १८१० एमएम भरते आणि दीड टक्का झिजलेली त्यापेक्षा २७ एमएम लांब, म्हणजे एका कडीपेक्षा जास्त फरक. कड्या मोजा, दोनदा मोजा, आकडा सम आला पाहिजे. सॉकेटचे दाते बदलणार असाल तर आधी ती बसवा आणि मग कापा. जाता जाता, पुढे १३ चं १२ करणं हे मागे चार दाते वाढवण्यासारखं आहे, ते सहज म्हणून करू नका. आणि मागचं सॉकेट स्टीलचं घ्या, ऍल्युमिनियमचं हलकं असतं पण चिखलात लवकर जातं.

चेनलॉकची, म्हणजे चेनची दोन टोकं जोडणाऱ्या कडीची गोष्ट. माझी चेन एका गॅरेजात बसवली होती आणि लॉकची क्लिप उलटी लागली, मी बघितलं पण नाही. क्लिपचं बंद टोक चेन ज्या दिशेने पळते त्या दिशेला पाहिजे, म्हणजे वरच्या बाजूची चेन पुढे जाते तर बंद टोक पुढे. माझं उघडं टोक पुढे होतं, प्रॅक्टिसमध्ये कशाला तरी घासून क्लिप उडाली, चेन सुटून पुढच्या सॉकेटभोवती गुंडाळली, धाडकन आवाज आणि मागचं चाक लॉक. मी वाचलो, इंजिन केसला बोटभर चीर, वेल्डिंग करून आणली त्या पैशात दोन चेनी आल्या असत्या. तेव्हापासून क्लिप स्वतः बसवतो, नाकपक्कडीने, आणि वरून सिलिकॉनचा थेंब लावतो. रिवेटवाला लॉक जास्त भक्कम खरा पण तो बसवायला टूल लागतं आणि डोंगरात चेन तुटली तर हातातल्या सामानाने काही होत नाही.

बसवल्यावर टाइट ठेवायची नाही, हे रस्त्याच्या गाडीवरून आलेल्या प्रत्येकाला सांगावं लागतं. मागचं चाक वर जाताना पुढचं सॉकेट, स्विंगआर्मची (मागचं चाक धरणारा, वर-खाली हलणारा दांडा) पिन आणि मागची ऍक्सल एका रेषेत आली की चेन सगळ्यात जास्त ताणली जाते, तेव्हा पण थोडी ढिली राहिली पाहिजे, नाहीतर पुढच्या शाफ्टची बेअरिंग आणि सील जातं. स्टँडवर ती लोंबतेय असंच वाटेल, वाटू दे, नक्की आकडा मॅन्युअलमधला धरा.

धुताना रॉकेल आणि मऊ ब्रश, पेट्रोल नाही, तारेचा ब्रश तर अजिबात नाही, आणि वॉशिंग सेंटरवाल्याला प्रेशरचा पाइप चेनच्या जवळ नेऊ देऊ नका, रिंगच्या आत पाणी घुसतं. नंतर ८०-९० चं गिअर ऑइल चालतं, महागडा स्प्रे नसला तरी.

कव्हर काढाल तेव्हा पुढच्या सॉकेटचा जवळून एक फोटो आणि २० कड्यांचं माप इथेच टाका, बघून सांगतो.