विश्रांतीत कंजुषी केली आणि अख्खा सीझन घालवला

रोज इंटरव्हल (जोरात धाव, थोडी विश्रांती, पुन्हा धाव) करूनही कुस्तीच्या दुसऱ्या पिरियडला पट काढताना (समोरच्याचे पाय धरून पाडताना) पायांत जीव राहत नाही, म्हणून आता मधली विश्रांती आणखी कमी करू का, असं तुम्ही विचारलंय. नका करू. नेमका हाच शहाणपणा मी केला होता.

वॉर्मअप, झोप वगैरे तुम्हाला ठाऊक असणार, ते सोडतो.

मी एका चाचणी केंद्रात विनगेट टेस्ट करून घेतली होती. 30 सेकंद सायकलवर जीव तोडून पेडल मारायचं आणि उतरल्यावर बादली शोधायची. हातात ग्राफचा कागद मिळाला, त्यात फटीग इंडेक्स, म्हणजे सुरुवातीपासून शेवटपर्यंत जोर किती घसरला तो आकडा, भलताच मोठा. अर्थ विचारला तर खिडकीवरचे गृहस्थ म्हणाले, "कोचला विचारा." कोच म्हणाले, "टेस्ट त्यांनी घेतली, त्यांना विचारा." दोन हेलपाटे मारल्यावर मीच अर्थ लावला: लवकर दमतोय, म्हणजे आणखी दमवायला हवं. खरं तर सुरुवातीचा जोर जबरदस्त असला की पुढची घसरणही मोठी दिसते. हे एक वाक्य सांगायला त्या खिडकीचं काय जात होतं? पैसे मात्र आधी मोजून घेतले.

मग मी 3 मिनिटांची विश्रांती 45 सेकंदांवर आणली आणि आठवड्यातले 2 दिवस 6 केले. 30 सेकंद पळायचं, थांबलो तिथे खडूची रेघ मारायची. पहिल्या दिवशी पहिली धाव 195 मीटर, सहावी 178. पाच आठवड्यांनी पहिलीच 170 आणि सहावी 125! स्प्रिंटच्या नावाखाली धापा टाकत जॉगिंग चाललं होतं. घाम भरपूर निघायचा, म्हणून शंकाही आली नाही.

स्नायूतलं फॉस्फोक्रिएटिन, म्हणजे झटक्याच्या ताकदीचं इंधन, जोरात खेळलं की साधारण पहिल्या 10 सेकंदांतच बरंचसं संपतं. निम्मं भरायला अर्धा मिनिट लागतो, जवळपास पूर्ण भरायला 3 ते 5 मिनिटं. आणि ते भरतं ऑक्सिजनवर, म्हणून संथ लांब पळणं सोडू नका. दोन पिरियडमधल्या 30 सेकंदांत तेच कामी येतं.

20 सेकंद जोर, 10 सेकंद विश्रांती करणाऱ्या 20-10 वाल्यांनी रागावू नये. ही पद्धत ज्यांच्या नावाने चालते त्या जपानी संशोधक तबाता यांच्या 1996 च्या प्रयोगात सायकलवर व्हीओटू मॅक्सच्या (शरीर जास्तीत जास्त ऑक्सिजन वापरतं त्या पातळीच्या) 170 टक्के जोर होता, सात-आठ फेऱ्यांत माणूस संपायचा. बर्पी (खाली जाऊन उठून उडी) मारत चार मिनिटं काढणं म्हणजे ते नव्हे.

माझ्या मते (मी डॉक्टर नाही, छातीत दुखलं किंवा चक्कर आली तर आधी डॉक्टर गाठा) आठवड्यात दोनच कडक सेशन ठेवा, तीही स्पारिंगच्या (सरावाच्या लढतीच्या) आदल्या दिवशी नको. अंतर पहिल्या धावेच्या दहा टक्क्यांहून जास्त घसरलं की सेशन बंद, मग चौथीच धाव का असेना. स्पर्धा तीन-चार आठवड्यांवर आली की विश्रांती थोडी थोडी कमी करा, सामन्याच्या लयीत येण्यापुरती. आधी नाही.

आणि हो, वजनगटात बसायला वजन तोडताना भात-पोळी पूर्ण बंद केली असेल तर पायांतला जीव तिथेही गेलेला असू शकतो. पकडही सतत आवळून धरू नका, हात आधी जातात.

आठवडाभर अंतरं लिहून टाका. पहिली आणि शेवटची धाव बघून सांगतो काय ते.