वाचक विचारतात : इम्फाळ-कोहिमाची लढाई, १९४४

दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रह्मदेश आघाडीबद्दल आलेल्या प्रश्नांपैकी पाच प्रश्न या वेळी घेतले आहेत.

१९४२ मध्ये ज्या जपानी सैन्याने ब्रिटिशांना रंगूनपासून पार चिंदविन नदीपलीकडे हुसकावले, तेच सैन्य दोन वर्षांत इम्फाळपाशी कसे कोलमडले? (एक वाचक, सोलापूर)

जपानी सैनिक शौर्यात कुठेच कमी पडला नाही. त्याला खायला उरले नाही. पंधराव्या जपानी आर्मीचा सेनापती मुतागुची याने तीन डिव्हिजन डोंगरात घातल्या. त्यांपैकी दोघींनी १५ मार्च १९४४ च्या रात्री चिंदविन ओलांडली. सैनिकाच्या पाठीवर साधारण तीन आठवड्यांचा शिधा होता. सोबत गुरांचे कळप हाकले होते, म्हणजे वाटेत ओझेही वाहायचे आणि शेवटी मांसही मिळायचे. त्यांतली बरीच गुरे नदीत वाहून गेली, उरलेली कड्यांवरून घसरून मेली. पुढचा शिधा इम्फाळच्या ब्रिटिश कोठारांतून घ्यायचा होता. मलायात हा हिशेब जमला होता, कारण तिथे पाठीमागचा रस्ता तुटला की ब्रिटिश फौज जागा सोडत असे.

हे गृहीतक महिन्याभरापूर्वीच खोटे ठरले होते. फेब्रुवारीत ब्रह्मदेशच्या किनाऱ्यावरच्या आराकानमध्ये सातवी हिंदी डिव्हिजन वेढली गेली, पण ती हलली नाही. डकोटा विमाने तिला वरून अन्न आणि दारूगोळा टाकत राहिली आणि वेढा घालणारेच उपाशी पडले. मुतागुचीने त्यातून काही घेतले नाही. त्याच्या पराभवाचे खरे कारण आम्हाला इथे दिसते.

इम्फाळला हेच मोठ्या प्रमाणावर झाले. १९ मार्चपासून पाचवी हिंदी डिव्हिजन आराकानहून तोफा-खेचरांसह विमानाने उचलून आणली गेली. दोन ब्रिगेड इम्फाळला उतरल्या, तिसरी दिमापूरकडे गेली. विमाने पुरत नव्हती, म्हणून दोस्तांचा सरसेनापती माउंटबॅटन याने चीनला माल नेणाऱ्या हिमालयावरच्या मार्गावरून ती वळवून घेतली. पॅराशूटचे कापड अपुरे होते, तेव्हा कलकत्त्याच्या गिरण्यांकडून तागाची पॅराशूट करून घेतली. नेहमीचे पॅराशूट वीस पौंडांहून महाग पडे, तागाचे जेमतेम एका पौंडाला. माणूस उतरवायला ती निरुपयोगी होती, पण तांदळाच्या पोत्याला चालून जात.

ब्रिटिश चौदाव्या आर्मीचा सेनापती स्लिम याने मुद्दाम माघार घेतली असे वाचले. हे खरे, की नंतर केलेली सारवासारव? (एक वाचक, पुणे)

माघार आधीच ठरलेली होती. स्लिमच्या पुढच्या डिव्हिजन टिड्डिम आणि तामूकडे होत्या. टिड्डिम इम्फाळपासून अडीचशे किलोमीटरहून दूर आणि मध्ये डोंगरातला एकच रस्ता. तिथे लढलो तर रसदीची ओढाताण आपली होईल. इम्फाळच्या सपाटीवर लढलो तर धावपट्ट्या, रणगाडे आणि कोठारे हाताशी राहतील, शत्रूच्या पाठीशी मात्र चिंदविन आणि जंगल.

चूक झाली ती वेळेत. माघारीचा हुकूम कधी द्यायचा हे स्लिमने चौथ्या कोअरचा सेनापती स्कून्स याच्यावर सोपवले. स्कून्सने सतराव्या डिव्हिजनला तो १३ मार्चला दिला. तोवर जपानी तिच्या पाठीमागच्या रस्त्यावर पोचले होते. तिला सोडवायला राखीव तेविसाव्या डिव्हिजनच्या दोन ब्रिगेड दक्षिणेला पाठवाव्या लागल्या आणि इम्फाळची उत्तर-पूर्व बाजू उघडी पडली. दुसरी चूक कोहिमाची. तिथवर फार तर एक जपानी रेजिमेंट येईल असा अंदाज होता, आली अख्खी एकतिसावी डिव्हिजन. दोन्ही चुका स्लिमने नंतर स्वतःच्या माथी घेतल्या, हाताखालच्यांवर ढकलल्या नाहीत.

या लढाईत मराठा पलटण होती का? यशवंत घाडगे इथेच लढले ना? (एक वाचक, सातारा)

चौथी बटालियन, पाचवी मराठा लाइट इन्फंट्री होती, आणि तीही नेमकी त्या उघड्या पडलेल्या बाजूला. उखरुलजवळच्या सांगशाक गावात ती पन्नासाव्या पॅराशूट ब्रिगेडसोबत उभी राहिली. छत्रीधारी सैनिक इथे पायदळ म्हणूनच लढले. जागा वाईट होती : टेकडीचा जेमतेम काहीशे मीटरचा माथा, पाण्याचा झरा नाही, काटेरी तार नाही, आणि तीन फूट खणले की कातळ. माथा इतका छोटा की विमानातून टाकलेला बराच माल जपान्यांच्या हद्दीत पडे.

२२ ते २६ मार्च ही टेकडी टिकली. शेवटच्या रात्री बाहेर पडण्याचा हुकूम आला. जपानी बाजूने एकतिसाव्या डिव्हिजनमधल्या मियाझाकीची तुकडी होती. खरे तर सांगशाक शेजारच्या डिव्हिजनच्या वाट्याचे होते, मियाझाकीला सरळ कोहिमाकडे जायचे होते. तो इथे अडकला आणि त्याचे मोलाचे दिवस गेले. मेलेल्या एका जपानी अधिकाऱ्याजवळ सापडलेल्या नकाशावरून कोहिमाकडे किती फौज येते आहे हेही कळले. कोहिमाला कुमक पोचायला जो वेळ मिळाला, त्यात या टेकडीचा वाटा मोठा. एवढे असून सांगशाकचे नाव आपल्याकडे फारसे कानावर पडत नाही.

नाईक यशवंत घाडगे मात्र तिसऱ्या बटालियनचे. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला तो इटलीत, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात १० जुलै १९४४ रोजी केलेल्या पराक्रमासाठी. पहिल्या बटालियनचे नामदेव जाधव यांचा क्रॉसही इटलीतलाच, सेनिओ नदीवरचा, ९ एप्रिल १९४५ चा.

कोहिमाला अडून बसण्याऐवजी एकतिसाव्या डिव्हिजनचा सेनापती सातो थेट दिमापूरला का गेला नाही? (एक वाचक, नाशिक)

दिमापूर कोहिमापासून ७५ किलोमीटरच्या आसपास. तिथे रेल्वे आणि अकरा मैल लांबीचे रसदीचे कोठार होते, आणि राखायला फौज जवळजवळ नव्हती. मुतागुचीच्या मनात ते घ्यायचे होते, पण त्याच्या वरचा, ब्रह्मदेशातल्या जपानी फौजांचा सेनापती कावाबे याने अडवले, कारण मूळ आराखड्यात दिमापूर नव्हते. सातोने आपणहून हट्ट धरला नाही. डिव्हिजनचा एक भाग कोहिमाच्या वेढ्यात गुंतवून उरलेली पुढे नेता आली असती. ते न केल्याबद्दल स्लिमने त्याला कडक शब्दांत नावे ठेवली आहेत.

आमच्या मते सातोवर एवढाच ठपका ठेवणे अपुरे आहे. पुरवठा येणार हे वचन त्याने निघण्यापूर्वी मागून घेतले होते आणि ते पाळले गेले नाही. मेअखेर त्याने हुकूम मोडून डिव्हिजन मागे घेतली. त्याला लष्करी न्यायालय हवे होते, कारण तिथे सगळे बोलता आले असते. वरिष्ठांनी त्याला मानसिकदृष्ट्या अस्वस्थ ठरवून प्रकरण मिटवले. मुतागुचीने तिन्ही डिव्हिजनचे सेनापती मोहीम चालू असतानाच बदलले होते. २२ जून रोजी कोहिमाहून आलेली आणि इम्फाळहून निघालेली फौज रस्त्यावर १०९व्या मैलाच्या दगडापाशी भेटली. जपानी माघारीचा हुकूम जुलैत निघाला.

हिवतापाने एवढी फौज झोपवली असताना ब्रिटिश-हिंदी सैन्य सावरले कसे? (एक वाचक, चिपळूण)

१९४३ मध्ये एका जखमीमागे १२० माणसे आजारपणामुळे मागे पाठवावी लागत. हिवताप रोखणाऱ्या मेपाक्रीनच्या गोळ्या होत्या, पण त्या घेतल्याने पुरुषत्व जाते अशी अफवा पसरली होती. स्लिमने अचानक तपासण्या सुरू केल्या. अख्ख्या पलटणीची रक्तचाचणी व्हायची. गोळ्या घेणाऱ्यांचे प्रमाण ९५ टक्क्यांखाली आले की कमांडिंग ऑफिसर बडतर्फ. तिघे गेले, बाकीच्यांनी गोळ्या समोर उभे राहून गिळायला लावल्या. शिवाय रोग्याला भारतातल्या इस्पितळात पाठवणे थांबवून आघाडीच्या काही मैल मागे उपचार तुकड्या बसवल्या. पूर्वी पाच महिने गैरहजर राहणारा माणूस तीन आठवड्यांत पलटणीत परतू लागला.