‘द विकर मॅन’ या १९७३ सालच्या ब्रिटिश भयपटाची कोणती आवृत्ती आधी पाहावी?

माझे स्पष्ट मत असे, की २०१३ साली ‘फायनल कट’ म्हणून प्रदर्शित झालेली, सुमारे ९४ मिनिटांची आवृत्ती आधी पाहावी. १९७३ मध्ये हा चित्रपट कापून सुमारे ८७ मिनिटांवर आणला गेला आणि ‘डोन्ट लुक नाउ’ या चित्रपटाला जोड म्हणून दाखवला गेला, त्यामुळे त्याकडे बरीच वर्षे फारसे लक्षच गेले नाही. त्या काटछाटीत, कथा घडते त्या बेटावरच्या दोन रात्रींची एकच रात्र झाली आणि बेटाचा मालक लॉर्ड समरआइल याचा, म्हणजे अभिनेता क्रिस्टोफर लीचा, पहिल्या रात्रीचा प्रवेश उडाला. परिणामी, हरवलेल्या मुलीच्या शोधात आलेल्या पोलीस सार्जंट हाउवीभोवती हळूहळू आवळत जाणारा फास सैल पडतो. ली यांनी तर या भूमिकेसाठी मानधनही घेतले नव्हते.

पाहताना झाडांवरच्या मोहराकडे अवश्य लक्ष द्यावे. कथा एप्रिलअखेर ते मे महिन्याच्या सुरुवातीची असली, तरी चित्रीकरण स्कॉटलंडमध्ये ऐन थंडीच्या तोंडावर झाले आणि झाडांना खोटी फुले लावावी लागली. फळबागा ओसाड पडलेल्या बेटाच्या गोष्टीत तो बहर मला अंधाऱ्या वाड्यांपेक्षा अधिक भयावह वाटतो.