रंग उडाला म्हणजे काम झालं असं नाही
जिवाणू वापरून पाण्यातला कापडरंग मोडायच्या प्रयोगाला सुरुवात केलीत, छान! आधी एकच रंग घ्या, शक्यतो अ‍ॅझो गटातला (ज्याच्या रेणूत दोन नायट्रोजन अणूंचा दुहेरी बंध, म्हणजे अ‍ॅझो बंध असतो), लिटरला 50 मिलिग्रॅमच्या आसपास. कारखान्याचं सांडपाणी इतक्यात नको. त्यातल्या मीठ-अल्कलीतच अडकून पडाल.

नवखे हमखास चुकतात ते इथे:

- फ्लास्क सतत शेकरवर (हलवत राहणाऱ्या यंत्रावर) ठेवतात, त्यामुळे आत हवा मिसळत राहते. अ‍ॅझो बंध तोडताना बहुतेक जिवाणूंना ऑक्सिजनची अडचणच होते. न हलवता ठेवून बघा.
- मेलेल्या पेशींचा कंट्रोल (तुलनेसाठीचा फ्लास्क) लावत नाहीत. रंग पेशींना नुसता चिकटला तरी पाणी स्वच्छ दिसतं. सेंट्रिफ्यूज करून (वेगाने फिरवून पेशी तळाशी बसवून) तळाचा गोळा बघा. गडद रंगलाय? मग ते विघटन नव्हे, बरंचसं अधिशोषण, म्हणजे नुसतं पृष्ठभागाला चिकटणं. (मीही एकदा यावरच हुरळून गेलो होतो.)
- सामू (pH) मोजत नाहीत. मिथिल ऑरेंज हा अ‍ॅझो रंग सामू 3.1 च्या खाली लाल, 4.4 च्या वर पिवळा. त्यात जिवाणूंचं कर्तृत्व शून्य.

आणि हे विसरू नका: बंध तुटल्यावर अ‍ॅरोमॅटिक अमाइन (बेंझिनसारखं वलय असलेली नायट्रोजनयुक्त संयुगं) उरतात. बहुतेक बिनरंगी, पण काही मूळ रंगापेक्षा घातक. ती मोडायला पुढच्या टप्प्यात हवा द्यावी लागते.

एन्झाइम, जनुकं सगळं नंतर. या आठवड्यात तीनच फ्लास्क लावा: जिवंत पेशी, मेलेल्या पेशी, नुसता रंग. आकडे आले की बोलू.