मालवण भागात समुद्राजवळ घर बांधायचे असल्यास बांधकाम परवानगी कशी मिळते? एजंटमार्फत काम करून घ्यावे का?

आपण लिहिले आहे की आपण कोल्हापूरचे आहात, मालवण तालुक्यात समुद्रापासून पाच मिनिटांच्या चालीवर आठ गुंठे जमीन पाहिली आहे, तेथे घर बांधून दोन खोल्या पर्यटकांना द्याव्यात असा विचार आहे, आणि एजंट म्हणतो, "ग्रामपंचायतीचा दाखला आणि घरपट्टीची पावती मी काढून देतो, तुम्ही बिनधास्त काम सुरू करा." मी कोल्हापुरात बरीच वर्षे इमारतींचे नकाशे करून मंजुरीला घालतो. एजंटाचे हे वाक्य मी माझ्याच घरातल्या माणसाच्या तोंडून ऐकले आहे आणि त्यावरून आमच्या नात्यात आलेली अढी अजून गेलेली नाही, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

ग्रामपंचायतीचा ना हरकत दाखला ही बांधकाम परवानगी नव्हे. घरपट्टी लागणे म्हणजे घर कायदेशीर होणे नव्हे. अनधिकृत घरालाही घरपट्टी लागते. केरळात कोचीजवळ मरडू येथे चार मोठ्या निवासी इमारतींना स्थानिक पंचायतीने परवाने दिलेले होते, लोक रीतसर कर भरून तेथे राहत होते, तरीही किनारा नियमन क्षेत्राच्या (सीआरझेड, म्हणजे समुद्र आणि खाडीकाठच्या ज्या पट्ट्यात केंद्र सरकारने बांधकामावर निर्बंध घातले आहेत त्याच्या) नियमांचा भंग झाला म्हणून सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये त्या पाडण्याचा आदेश दिला आणि जानेवारी २०२० मध्ये त्या स्फोटके लावून जमीनदोस्त केल्या गेल्या. हे उदाहरण मी एजंटाच्या भरवशावर जमीन घेणाऱ्या प्रत्येकाला सांगतो आणि बहुतेकांना ते दूरचे वाटते.

आता आमच्या घरातली गोष्ट. माझ्या थोरल्या मेहुण्यांनी मालवण तालुक्यातच, किनाऱ्यावरच्या एका गावात अशीच जमीन पाहिली. इसार देऊन झाल्यावर त्यांनी मला तेथे नेले, कारण नकाशावर माझी सही हवी होती. एजंटाने आमच्यासमोर टेप धरून पाण्याच्या काठापासून बांधापर्यंतचे अंतर मोजले, ते दोनशे मीटरच्या वर भरले, आणि त्याने विजयी मुद्रेने माझ्याकडे पाहिले. मे महिन्यातली भर ओहोटीची वेळ होती. किनारा नियमन क्षेत्रातले अंतर पाण्याच्या काठापासून मोजत नाहीत, ते भरतीरेषेपासून मोजतात, आणि भरतीरेषा म्हणजे उधाणाच्या भरतीला पाणी जमिनीवर जास्तीत जास्त जेथवर चढते ती रेषा. वाळूवर ती साध्या डोळ्यांनीही बरीचशी ओळखू येते: काडीकचरा, शिंपले आणि जाळ्यांचे तुकडे जेथे ओळीने साचलेले असतात आणि त्याच्या वरच्या अंगाला मर्यादवेल पसरलेली असते, तेथून मोजायला सुरुवात केली तर एजंटाच्या टेपातले बरेच मीटर गळून पडले असते.

पण त्या जमिनीचा खरा घोळ समुद्राच्या बाजूला नव्हताच. मी मागच्या बाजूला, माडांच्या पलीकडे गेलो. तेथे जांभ्याच्या दगडांचा जुना गडगा, म्हणजे कुंपणाची बुटकी भिंत, होता. त्याच्या सर्वांत खालच्या थरावर कालवे चिकटलेली होती, त्याच्या वरच्या थरावर वाळलेल्या खाऱ्या गाळाची करडी पट्टी होती, आणि गडग्यापलीकडे तिवरांची, म्हणजे खारफुटीच्या झाडांची, दाटी होती. दगडाला कालव चिकटते ते रोज भरतीचे पाणी येत असेल तरच. शेजारच्या वाडीतल्या एका वृद्ध गृहस्थांना विचारले, तर ते म्हणाले की श्रावणातल्या अमावास्येला पाणी माडांच्या मुळाशी येते. खाडी रुंद होती, आणि तेव्हा लागू असलेल्या २०११ च्या किनारा नियमन अधिसूचनेनुसार अशा भागात खाडीच्या भरतीरेषेपासून १०० मीटर किंवा खाडीची रुंदी, यांपैकी जे कमी असेल तितक्या पट्ट्यात नवे बांधकाम होत नाही. मेहुण्यांची सगळी जमीन त्या पट्ट्यात बसत होती. त्याशिवाय तिवरांचे क्षेत्र १००० चौरस मीटरपेक्षा अधिक असेल तर त्याभोवतीचा ५० मीटरचा पट्टाही सर्वाधिक संरक्षित वर्गात जातो.

मी सही करण्यास नकार दिला. मेहुणे म्हणाले, "दाजी, कोकणात असंच चालतंय. तुम्ही सही करा, बाकीचं मी बघतो." पुढे त्यांनी दुसऱ्याकडून नकाशा करून घेतला, चिऱ्याचे जोतेही चढवले, आणि गावातल्याच कोणाच्या तरी तक्रारीवरून काम थांबवण्याची नोटीस आली. त्यानंतर एका लग्नात चारचौघांसमोर ते म्हणाले की दाजींनी एका सहीसाठी माझे घर अडवले. त्यांचे काम माझ्या सहीवाचून अडलेले नव्हते, ते जागेमुळे अडले; जी जागा परवानगीला पात्रच नाही तिला कोणाचीही सही पात्र करू शकत नाही. नकाशावर सही करणारा परवानाधारक अभियंता त्या मजकुराची जबाबदारी घेत असतो, आणि नात्यातला माणूस म्हणून त्याने ती डोळे झाकून घ्यावी अशी अपेक्षा करणे हा त्याच्या व्यवसायाचा अपमान आहे. आपल्या नात्यात कोणी अभियंता असेल आणि तो नकार देत असेल तर त्याच्यावर रागावू नका. तो नकार का देतो आहे ते शांतपणे ऐकून घ्या.

आपण कोल्हापूरकरांना तर हे वेगळे समजावून सांगण्याची गरज पडू नये. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट आहे, आणि २०१९ व २०२१ या दोन्ही वर्षी नदी ५५ फुटांच्या वर गेली. पूररेषांचे निळी रेषा आणि लाल रेषा हे शब्द या शहरात आता रिक्षावाल्यालाही ठाऊक आहेत. येथे नदीकाठचा प्लॉट घेताना आपण पूररेषेचा दाखला मागतो आणि घाट उतरून गेल्यावर मात्र पाणी कुठवर येते हे एजंटाला विचारतो, याचे मला फार वाईट वाटते.

आता आपल्या आठ गुंठ्यांकडे येतो. प्रथम भरतीरेषा आणि जमिनीची हद्द एकाच नकाशावर आणून घ्या. त्यासाठी भूमी अभिलेख खात्याची मोजणी करून 'क' प्रत, म्हणजे मोजणीचा अधिकृत नकाशा, घ्यावी लागते आणि केंद्र सरकारने प्राधिकृत केलेल्या संस्थेकडून किनारा आराखड्यावर ती हद्द बसवून घ्यावी लागते. गावपातळीचे हे नकाशे १:४००० च्या आसपासच्या प्रमाणावर असतात. समुद्राच्या बाजूने ५०० मीटरपर्यंतचा पट्टा या नियमांखाली येतो. ग्रामीण भागात त्यातले पहिले २०० मीटर ना-विकास क्षेत्र असते, म्हणजे तेथे नवे घर बांधता येत नाही. १८ जानेवारी २०१९ च्या अधिसूचनेने ते ५० मीटरवर आणले असे एजंट सांगतात, ते अर्धसत्य आहे. ही सवलत २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्येची घनता दर चौरस किलोमीटरला २१६१ पेक्षा अधिक असलेल्या भागासाठी आहे. सिंधुदुर्ग जिल्ह्याची घनता १६३ आहे. किनाऱ्यावरची गावे जिल्ह्याच्या मानाने दाट वस्तीची असली तरी २१६१ हा आकडा फार लांब राहतो, तेव्हा आपण २०० मीटरच धरून चालावे.

त्यापुढच्या ३०० मीटरमध्ये तळमजला आणि वर एक मजला, एकूण उंची ९ मीटरपर्यंत, असे राहते घर होऊ शकते. मात्र ही मुभा तेथील कोळीवाडे आणि गावठाणे यांच्या पारंपरिक हक्कांच्या चौकटीत दिलेली आहे, आणि बाहेरच्या माणसाचे सुट्टीचे घर त्या चौकटीत सहज बसेल असे गृहीत धरू नये. स्वतःच्या राहण्याचे घर ३०० चौरस मीटरपर्यंतचे असेल तर २०१९ च्या अधिसूचनेप्रमाणे किनारा क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरणाची शिफारस लागत नाही, स्थानिक नियोजन प्राधिकारी मंजुरी देऊ शकतो, पण प्रस्ताव किनारा नियमांवर तपासणे त्यालाही बंधनकारक आहे.

पर्यटकांना खोल्या देण्याबाबत स्पष्ट सांगतो. न्याहारी-निवासाची मुभा स्थानिक लोकांना, त्यांच्या असलेल्या घरात, जोत्याचे क्षेत्र आणि दर्शनी रूप न बदलता दिलेली आहे. किनाऱ्यावर रिसॉर्ट बांधायचे तर जमीन किमान ०.४ हेक्टर, म्हणजे सुमारे चाळीस गुंठे लागते. आठ गुंठ्यांत नवे घर बांधून त्यात व्यवसाय करण्याचा आपला बेत दोन्हीकडे बसत नाही.

बाकीचा क्रम आपल्याकडच्यासारखाच आहे: नगररचना विभागाचे अभिप्राय, अकृषिक वापराबाबतची पूर्तता, प्रारंभ प्रमाणपत्र (काम सुरू करण्याचा परवाना), जोते तपासणी आणि शेवटी भोगवटा प्रमाणपत्र. फरक सातबाऱ्याचा आहे. तिकडे गट नंबरऐवजी सर्व्हे नंबर आणि हिस्सा नंबर असतात, आणि एकेका हिश्श्यावर मुंबईतल्या चाकरमान्यांसह चुलत घराण्यातली वीस-वीस नावे निघतात. त्या सर्वांच्या संमतीशिवाय घेतलेल्या जमिनीचा नकाशा मंजुरीला टाकण्यात अर्थ नाही. जमीन शेतीची असल्याने आपण शेतकरी असल्याचा पुरावाही लागेल.

काही गोष्टी येथे जोडणे आवश्यक आहे. २०१९ ची अधिसूचना त्या किनाऱ्याचा सुधारित आराखडा मंजूर झाल्यावरच लागू होते, तोवर २०११ ची चालते, म्हणून आपल्या गावाला कोणता आराखडा लागू आहे हे लेखी विचारून घ्या. नव्या अधिसूचनेत खाडीकाठचे अंतर १०० ऐवजी ५० मीटर आहे; त्या हिशेबाने माझ्या मेहुण्यांची जागा पात्र ठरली असती की नाही, हे तिवरांच्या मोजणीवर अवलंबून राहील. खारे पाणी अडवणारा जुना खारबंधारा किंवा त्याचे झडपेचे दार १९ फेब्रुवारी १९९१ पूर्वीचे असेल तर भरतीरेषा तेथेच थांबते, आणि असा बंधारा असल्यास आपल्या जमिनीचे चित्र बदलू शकते. गावठाणाच्या हद्दीत ग्रामपंचायतीला बांधकामाबाबत काही अधिकार आहेत, पण किनारा नियम गावठाणालाही लागू असतात. आणि सगळे एजंट खोटे बोलतात असे माझे म्हणणे नाही. कागद गोळा करणे, मोजणीची तारीख मिळवणे, ओरोसच्या जिल्हा कचेऱ्यांत पाठपुरावा करणे या कामांसाठी स्थानिक माणूस उपयोगी पडतो. जागा पात्र आहे की नाही हा निर्णय त्याच्यावर सोपवू नका.

इसार अजून दिला नसेल तर इसारपावतीत एवढी अट घालून घ्या की प्राधिकृत संस्थेच्या नकाशात जमीन ना-विकास क्षेत्रात निघाल्यास संपूर्ण रक्कम ठरावीक मुदतीत परत मिळेल. विकणारा या अटीला तयार नसेल तर ती जमीन घेऊ नका.