बंदरात जुने ट्रक बंद होणार म्हणतात. तासगावहून न्हावा शेवाला द्राक्षांचे कंटेनर नेणारा माझा २०१८ चा बीएस-४ ट्रेलर आत्ताच विकावा का?

बंदराच्या भीतीनं विकू नका. मिरजेत माझे दोन ट्रेलर आहेत, एक बीएस-४, एक बीएस-६. सीझनला दोन्ही न्हावा शेवाला असतात. (बीएस म्हणजे भारत स्टेज, गाडीच्या धुराची सरकारी मर्यादा; आकडा मोठा तितकी कडक.) गेटवर अजून कुणी ‘बीएस किती?’ म्हणून अडवलेलं नाही.

ही आवई कॅलिफोर्नियाची. तिथं बंदर आणि रेल्वे यार्डात जाणाऱ्या अवजड ट्रकची वेगळी नोंदणी असते. १ जानेवारी २०२४ पासून त्या यादीत नवीन नाव फक्त धूर न सोडणाऱ्या ट्रकचं, आणि २०३५ पर्यंत सगळेच तसे, असा नियम त्यांनी केला. त्याला त्यांच्या केंद्र सरकारची परवानगी लागत होती. जानेवारी २०२५ मध्ये राज्यानं तो अर्जच मागं घेतला. म्हणजे तिथंही घोडं अडलंय.

आपल्याकडं गाडी कुठं जाते ते बघत नाहीत, कधीची आहे ते बघतात. १ एप्रिल २०२० पासून नवीन गाडी बीएस-६च. आधीची चालते, फक्त पासिंग आणि पीयूसी जिवंत ठेवा (आठ वर्षांनंतर पासिंग दरवर्षी). दिल्लीचं मात्र निराळं आहे. बाहेरच्या नंबरच्या बीएस-३ मालगाड्यांना तिथं १ नोव्हेंबर २०२५ पासून बंदी, बीएस-४ ना ३१ ऑक्टोबर २०२६ पर्यंतच मुभा. आझादपूरला, म्हणजे दिल्लीच्या फळबाजारात, माल टाकत असाल तर हिशेब वेगळा.

आता बीएस-६ ची गंमत ऐका. धुरातल्या नायट्रोजन ऑक्साइडची मर्यादा बीएस-४ ला इंजिनच्या कामाच्या दर युनिटमागं (किलोवॅट-तास) ३.५ ग्रॅम होती, बीएस-६ ला ०.४६. ती गाठायला धुरात युरियाचं द्रावण नोझलनं फवारावं लागतं (त्यालाच आम्ही नुसतं युरिया म्हणतो), आणि काजळी अडवायला वेगळी जाळी असते. हायवेला लोडवर सायलेन्सर तापतो, काजळी आपोआप जळते. बंदराच्या लायनीत इंजिन चालू ठेवून तासन्‌तास उभं राहिलं की ती साठते आणि दिवा लागतो. ड्रायव्हरनं तो दुर्लक्षला की संपलं.

माझ्या गाडीला युरियानं रडवलं. ड्रायव्हरनं वाटेत सुट्या कॅनमधला स्वस्तातला भरला. परत येताना खंबाटकी चढायला लागली आणि पॉवरच गेली. मागं हॉर्नचा गोंधळ, पुढं बैलगाडीची चाल. मेकॅनिकनं नोझल काढून हातावर ठेवलं, तर त्यावर खडीसाखरेसारखे पांढरे खडे. तीन दिवस गाडी उभी, ऐन द्राक्षाच्या सीझनात.

तेव्हापासून सीलबंद कॅनच, आणि झाकण मी स्वतः फोडतो. सेकंडहँड बीएस-६ बघायला गेलात तर टायर नंतर बघा. आधी युरियाच्या टाकीचं झाकण उघडा, कडेला पांढरे पापुद्रे आहेत का बघा. मग मालकाला सोडून ड्रायव्हरला बाजूला घ्या आणि विचारा, ‘युरिया कुठं भरतोस रे?’